कडेचं डांबर

प्रयोगशाळेत तिला तोंडावर 'बाई' म्हणत आणि पाठीमागे 'खात्रीबाई'. पाठीमागे आपल्याला काहीतरी म्हणतात असा तिला संशय होता, आणि तो खरा होता. साहेब आलेत असं कुणी सांगितलं, तर ती आधी खाली डोकावून त्यांची गाडी बघून यायची आणि मग फाइल उचलायची. घरी गॅस बंद केलाय हे ती तीनदा बघायची, आणि तिसऱ्यांदा बघताना चुकून सुरू तर नाही ना झाला, म्हणून चौथ्यांदा. तिच्या नवऱ्यानं लग्नानंतर वर्षभरातच विचारायच्या आधी सगळं सांगून टाकायची सवय लावून घेतली होती. त्यामुळे तो काय लपवतोय, याची तिला जास्तच शंका यायची.

काम मात्र तिच्या स्वभावाला साजेसं मिळालं होतं. रस्त्यावर पडायच्या आधी डांबर डब्यात भरून तिच्या टेबलावर यायचं, आणि त्यात काय आहे आणि काय नसायला हवं होतं ते ती सांगायची. नुसत्या डोळ्यांना सगळं डांबर सारखंच काळं. तिच्याकडे एक बसकं, करड्या रंगाचं यंत्र होतं. त्याच्या मधोमध शर्टाच्या बटणाएवढा स्फटिक. त्यावर मसुराएवढा डांबराचा ठिपका ठेवायचा, वरून दट्ट्या आवळायचा, आणि खालून डोळ्यांना न दिसणारा उजेड सोडायचा. डांबरातले अणू एकमेकांना धरून सतत थरथरत असतात. प्रत्येक जोडीची थरथरायची आपली एक चाल असते, आणि आपल्या चालीचा उजेड ती गिळून टाकते. कुठला उजेड किती गिळला गेला, त्याची रेघ पडद्यावर उमटते. गिळला जातो तिथं रेघ वर उसळते. त्या उसळीला सगळे 'पीक' म्हणत. "काय बाई, यंदा पीक कसं आहे?" हा साहेबांचा रोज सकाळचा विनोद होता. पहिल्या दिवशी ती हसली नव्हती, आणि आता अकरा वर्षं झाली तरी हसत नव्हती.

प्रत्येक पिकाला आकडा असतो आणि हे आकडे तिला सासरमाहेरच्या माणसांसारखे पाठ होते. हजार तीसला वर आलं तर गंधकाला हवा लागलीय. सतराशेला आलं तर डांबर म्हातारं झालंय, किंवा कुणीतरी जास्त तापवून त्याला अवेळी म्हातारं केलंय. साहेब दर पंधरा दिवसांनी केस काळे करून यायचे. डांबराला ती सोय नव्हती. सतराशेच्या शेजारी, सतराशे पंचेचाळीसला, डांबराचं स्वतःचं काहीच नसतं. तिथं पीक आलं तर कुणी परका घुसलाय, आणि तो बहुतेक वेळा स्वयंपाकाचं तेल असतो.

एकाच गोष्टीत ती नियम मोडायची. नियम असा की डबा ओव्हनमध्ये गरम करायचा, डांबर पातळ झालं की नीट ढवळायचं आणि मग ठिपका घ्यायचा. पण ओव्हनवर तिचा विश्वास नव्हता. एकदा त्याचा काटा दीडशे दाखवत होता आणि तिनं आत वेगळा तापमापक ठेवून बघितला तर एकशे नव्वद! ओव्हन दुरुस्त झाला, दोनदा तपासून झाला, पण मनातून उतरला तो उतरलाच. ओव्हननंच डांबर म्हातारं केलं आणि खापर डांबर पाठवणाऱ्या प्लांटवर फुटलं तर? म्हणून ती थंड, दगडासारखं डांबरच चाकूनं उकरायची. मधे चाकू शिरायचा नाही, म्हणून कडेनं उकरायची. डब्याच्या पत्र्याला चाकू टेकवला की जोर लावता येतो. साहेबांना हे माहीत होतं, पण खात्रीबाईला ओव्हनबद्दल समजावत कोण बसणार? या उकरण्यानं तिचं उजवं मनगट सदा धरलेलं असायचं. घरी येईल त्याला ती मनगट दाखवायची आणि डांबराच्या नावानं बोटं मोडायची.

त्या वर्षी ऑफिसात एक निनावी पत्र आलं. गावाबाहेरून जाणाऱ्या नव्या रस्त्याला तीन प्लांटमधून डांबर पुरवलं जात होतं. त्यातल्या एका ठिकाणी करपलेलं डांबर मऊ करायला त्यात तळणातून उरलेलं तेल ओततात, असं पत्रात होतं. कुठल्या ठिकाणी, ते नव्हतं. वरून हुकूम आला की सहा आठवडे तिन्ही प्लांटचे डबे तपासा. डब्यांवर नाव नसेल, फक्त नंबर असेल, म्हणजे तपासणाऱ्याला ते कुणाचे हे कळणार नाही.

खात्रीबाईला पहिल्याच आठवड्यात कळलं. डब्याची झाकणं सुतळीनं बांधून येत. दोन प्लांटच्या सुतळ्यांना साध्या गाठी होत्या, कात्रीशिवाय न सुटणाऱ्या. तिसऱ्याची गाठ वेगळी होती. दोनदा फिरवून आत अडकवलेली, एक टोक ओढलं की अलगद मोकळी होणारी. तिचे वडील पुस्तकं बांधायचे काम करत, आणि वह्यांच्या गठ्ठ्याला ते हीच गाठ मारत. ही गाठ जगात आता दोनच माणसांना येत होती. एक ती, आणि दुसरा तिचा धाकटा भाऊ. तो त्या तीनपैकी एका प्लांटवर बर्नर सांभाळायचा. डांबर तापवायचं, ते करपू द्यायचं नाही, आणि तपासनीस आला की त्याच्यासमोर तोटीखाली डबा धरायचा, हे त्याचं काम.

त्याच डब्यांत सतराशे पंचेचाळीसला पीक होतं.

तिनं स्फटिक पुसला, पुन्हा पुसला, दुसरा ठिपका घेतला. पीक होतंच. दुसऱ्या आठवड्यातही, तिसऱ्या आठवड्यातही. बाकीच्या दोन प्लांटच्या रेघा तिथं सपाट. शिवाय गाठवाल्या डब्यात चाकू कडेनं सहज शिरत होता, फारशी खटपट न करता. तेल ओतलंय म्हणूनच मऊ आहे, दुसरं काय? त्या दिवसांत तिचं मनगटही जरा बरं होतं. ते तिनं मनगटावर बांधायच्या नव्या पट्ट्याच्या खाती टाकलं, पण पट्ट्यावरही तिचा पूर्ण भरवसा नव्हता.

भावावर संशय घ्यायची तिची ही पहिली वेळ नव्हती. ती बारा वर्षांची आणि तो आठ वर्षांचा असताना वडिलांचं घड्याळ हरवलं होतं. "यानंच घेतलंय, मी ओळखते याला," असं तिनं छातीठोकपणे सांगितलं, आणि त्याला मार बसला. महिन्याभरानं घड्याळ वडिलांच्याच जाड कोटाच्या खिशात सापडलं. धाकट्यानं कधी तो विषय काढला नाही. तो चांगला म्हणून काढत नाही, की मनात धरून बसलाय, हे तिला आजवर ठरवता आलं नव्हतं.

चौथ्या आठवड्यातल्या रविवारी दुपारी तो तिच्याकडे मोरीचा गळका नळ दुरुस्त करायला आला. नळ झाला, हात धुऊन टेबलाशी बसला आणि बसल्याबसल्या त्यानं विचारलं, "मनगट कसं आहे, ताई?"

"बरं आहे हल्ली."

"खरंच बरं आहे?"

"बरं आहे म्हटलं ना."

"मग झालं तर!" तो म्हणाला आणि असा खुलला की तिला ते खटकलंच. माझं मनगट बरं आहे तर याला एवढा आनंद कशाचा? मोठ्या बहिणीला गोड बोलून ठेवायचं, म्हणजे पुढं ती डोळेझाक करेल, असा तर डाव नाही?

"आणि डबे?" त्यानं चहाचा कप उचलत विचारलं. "डबे नीट निघतात ना?"

"कुठले डबे?"

"आमच्याकडचे. येतात ना तुमच्याकडे?"

"त्यांच्यावर नंबर असतात. कुणाचे ते मला काय कळतंय?"

"तुला कळत नाही असं काही असतं का, ताई?" तो हसून म्हणाला. बोलायला काहीच वावगं नव्हतं, पण ते हसणं तिच्या काळजात सुईसारखं घुसलं.

निघताना त्यानं पिशवी उचलली, तेव्हा तिनं आत पाहिलं. दुसऱ्याच्या पिशवीत डोकावायचं नाही हे तिला माहीत होतं, पण पिशवी उघडीच होती. पान्यांच्या मधे एक तेलाची बाटली होती, अर्धी भरलेली, स्वयंपाकाच्या तेलाची.

"ही कशाला?"

त्यानं बाटलीकडे पाहिलं, मग तिच्याकडे. चेहऱ्यावरचं हसू गेलं.

"लागतं," तो म्हणाला.

"प्लांटवर?"

"हं. लागतं." आणि त्यानं पिशवीचा बंद ओढला.

त्या दिवशी तिला जेवण गेलं नाही. टाकीभर डांबर मऊ करायला अर्धी बाटली कुठं पुरते, हा साधा हिशेब तिच्या मनात आला होता. पण ही एक बाटली दिसली, न दिसलेल्या किती असतील, असं म्हणून तिनं तो बाजूला सारला. संशय घ्यायचा तर तो सगळीकडून घ्यावा, हे तिचंच म्हणणं. इथं मात्र ती एकाच बाजूनं घेत होती.

सोमवारी ती साहेबांच्या खोलीत गेली आणि खुर्चीवर बसायच्या आधीच म्हणाली, "साहेब, तेलवाले डबे माझ्या भावाच्या प्लांटचे आहेत."

"डब्यावर नाव आहे?"

"गाठ आहे."

"बाई, गाठीवर सरकार चालत नाही. यंत्र काय म्हणतंय ते लिहा. बाकीचं तुम्हाला माहीत नाही आणि मला ऐकू आलेलं नाही."

तिनं लिहिलं. 'बाहेरचं तेल मिसळल्याचा दाट संशय.' सही तिनं एका झटक्यात केली, आणि त्याचा तिला अभिमानही वाटला. सख्खा भाऊ असला म्हणून काय झालं? दुसरं कुणी असतं तर कागद दाबून टाकला असता.

चार दिवसांत प्लांट बंद झाला. टाकीत काही मिसळलं असेल तर बर्नरवाल्याला माहीत असणारच, असं म्हणून धाकट्याला घरी बसवलं. प्रत्येक डब्याचा एक जोडीदार सीलबंद करून कपाटात ठेवलेला असायचा. तो प्लांटच्या इंजिनियरसमोर उघडून पुन्हा तपासायचा होता. त्यातही तेल निघालं, तर धाकट्याचं नाव काळ्या यादीत जाणार होतं. मग त्याला कुठल्याच प्लांटवर कुणी उभं करणार नव्हतं. वीस वर्षं त्यानं बर्नरशिवाय दुसऱ्या कशाला हात लावला नव्हता.

दुपारच्या सुट्टीत भावजय प्रयोगशाळेच्या फाटकाशी येऊन उभी राहिली. आत यायला तयार नव्हती.

"ताई, ते घरात कुणाशी बोलत नाहीत. भिंतीकडे तोंड करून पडून असतात. तुम्ही विचारा ना त्यांना."

"मी काय विचारू? यंत्रानं दाखवलंय."

"यंत्राचं राहू द्या. तुम्हाला काय वाटतं?"

खात्रीबाईनं फाटकाच्या कडीशी चाळा केला. आपल्याला काय वाटतं हे तिला स्वच्छ माहीत होतं, पण ते भावजयीच्या तोंडावर बोलवेना.

"उद्या अकराला दुसरा डबा उघडणार आहोत," एवढंच ती म्हणाली.

दुसऱ्या दिवशी अकराला इंजिनियर आला, साहेब आले, कपाटातून डबा आला. सील फोडलं. सुतळीचं टोक तिनं डाव्या हाताच्या दोन बोटांनी ओढलं आणि गाठ अलगद सुटली. झाकण काढलं. कडेला चाकू लावताना सगळ्यांना दिसावं म्हणून तिनं डबा नेहमीपेक्षा जास्त तिरका केला, आणि आतलं सगळं डांबर सरकून एका गोळ्यात धप्पकन टेबलावर पडलं.

"अहो बाई!" साहेब खुर्चीसकट मागे सरकले.

ती गोळ्याकडे बघत नव्हती, डब्यात बघत होती. डबा आतून लखलखीत होता. अकरा वर्षांत तिनं हजारभर डबे उकरले होते, पण डांबराचा डबा आतून कसा दिसतो ते तिनं पाहिलंच नव्हतं. नेहमी काळं चिकटलेलं असायचं. तिनं पत्र्यावरून बोट फिरवलं. बोट सरकन घसरलं.

गोळा मधोमध फोडायला तिला हातोडी घ्यावी लागली. आतला ठिपका स्फटिकावर ठेवला. सतराशे पंचेचाळीसला रेघ सपाट. कडेचा ठेवला, पीक आलं. पुन्हा मधला, सपाट. पुन्हा कडेचा, पीक. शेवटी तिनं स्फटिक लख्ख पुसला आणि डब्यातून फिरवलेलं बोट त्यावर टेकवलं. पडद्यावर सतराशे पंचेचाळीसचं पीक ताडासारखं उभं राहिलं.

"तेल डांबरात नाही," ती म्हणाली. "डब्याला लावलंय."

"मग आधीच्या चार आठवड्यांत कसं सापडलं?" इंजिनियरनं विचारलं.

"मी कडेचं घेत होते."

"गरम करून ढवळलं नव्हतं?"

"नाही."

इंजिनियरनं साहेबांकडे पाहिलं. साहेबांनी खिडकीकडे पाहिलं. तिला वाटलं, जमीन दुभंगून पोटात घेईल तर बरं. पण तेवढ्यातही तिच्या डोक्यात नवा संशय उभा राहिला. डब्याला तेल कुणी लावलं? धाकट्याला अडकवायलाच कुणी लावलं असणार. पत्र लिहिणाराच तो! अर्ध्या दिवसाची रजा टाकून ती तशीच भावाच्या घरी गेली.

तो खरंच भिंतीकडे तोंड करून पडला होता. तिला बघून उठून बसला. भावजयीनं पाणी आणलं आणि ती दाराशीच थांबली.

"तेल टाकीत नव्हतं," खात्रीबाईनं धापा टाकत सांगितलं. "डब्याला आतून कुणीतरी तेल फासत होतं. कुणाचा हात आहे सांग. तिथं तुझ्या वाईटावर कोण आहे?"

धाकट्यानं गुडघ्यांवर हात ठेवले.

"मीच लावायचो."

"तू?"

"फडक्यानं. पुसटसं. आमच्याकडे फावड्यांना लावतात, मग डांबर चिकटत नाही. तूच म्हणाली होतीस ना, डबा खरवडून खरवडून हात गेला म्हणून? इथंच बसून म्हणाली होतीस. म्हटलं, आपले डबे तरी सुटे निघू देत."

भावजयीनं तोंडाला पदर लावला.

"मग मी विचारलं तेव्हा सांगायचं नाहीस?" तिचा आवाज चढला, कारण चढला नसता तर फुटला असता. "बाटली कशाला म्हणून मी विचारलं होतं की नाही?"

"सांगितलं ना. लागतं म्हटलं."

"तेल लागतं, एवढंच कळलं मला!"

"हाताला लागतं, ताई. डबा उकरताना तुझ्या हाताला लागतं, म्हणून. सगळं सांगणार होतो. पण तू विचारलंस तेव्हा तुझा चेहरा घड्याळाच्या वेळचा झाला होता. मग पुढं बोलवेना."

घड्याळाचा शब्द त्याच्या तोंडून निघायला इतकी वर्षं लागली होती. तिनं त्याचा हात धरायला आपला हात पुढं केला. त्यानं धरू दिला, पण त्याचा हात जसा होता तसाच राहिला.

"माझं चुकलं रे," ती म्हणाली. "तेव्हाही आणि आताही."

"असू दे. आता नाही करत मी काही. केलं की तुझ्या मशीनवर दिसतं."

तो चिडून बोलला असता, तर तिला भांडता आलं असतं. तो अगदी साधं बोलला, नळाचा वॉशर बदलला असं सांगावं तसं. भावजयीनं चहा ठेवते म्हटलं, पण खात्रीबाईला तिथं बसवेना.

दुसऱ्या दिवशी सकाळी तिनं नवा अहवाल लिहिला. डांबरात तेल नाही, चूक नमुना घेणाऱ्याची आहे, नमुना घेणारी मी आहे. 'संशय' हा शब्द तिनं त्यात एकदाही वापरला नाही. साहेबांनी वाचून विचारलं, एवढं स्वतःवर ओढून घ्यायलाच हवं का? ती म्हणाली, हवं. त्या दिवशी त्यांनी पिकाचा विनोद केला नाही. प्लांट सुरू झाला आणि धाकटा आठवड्याभरात बर्नरवर परत गेला. ते निनावी पत्र कुणी लिहिलं, ते मात्र कधीच कळलं नाही. डब्यांना आतून काहीही लावू नये, असं पत्रक तिन्ही प्लांटना गेलं. तेही तिनंच लिहिलं होतं.

आता ती नियमानं काम करू लागली. ओव्हनमध्ये आपला तापमापक ठेवायचा, डबा गरम करायचा, डांबर पातळ झालं की काडीनं ढवळायचं. काडी पाण्यात फिरावी तशी फिरायची. उकरायचं कामच उरलं नाही, आणि पंधरा दिवसांत मनगट पूर्ण बरं झालं. पहिल्यापासून असं केलं असतं, तर ते कधी दुखलंच नसतं.

महिन्याच्या शेवटी तीन प्लांटचे तीन डबे आले. ते टेबलावर ओळीनं ठेवून तिनं सुतळ्या बघितल्या. पुन्हा बघितल्या. मग प्रत्येक डबा उचलून खिडकीपाशी नेला आणि उजेडात तिसऱ्यांदा बघितला. तिन्ही सुतळ्यांना साधी, घट्ट, करकचून मारलेली गाठ होती. कुठला डबा कुणाचा, हे तिला ओळखता आलं नाही. खणातून कात्री काढून तिनं तिन्ही गाठी कापल्या.